विहिरीत टाकलेली पिंक

परवा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेजारच्या बाकड्यावर कुणीतरी गुटख्याची पुडी फोडली. तो केवड्याचा गोडसर वास नाकात शिरला आणि मी समोरची भाकरी बाजूला सारली. इतकी वर्षं झाली, तरी त्या वासानं मला एक विहीर आठवते.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वडवणीहून गाडी करून कोकणात गेलतो. समुद्राकाठच्या एका लहान गावात जुनी घरं आतून बघायला मिळायची. शेवटच्या घराचे मालक, साठीचे गृहस्थ, स्वतः हिंडून सगळं दाखवत होते. गार पडवी, शिसवी झोपाळा आणि परसात चिरेबंदी विहीर. पाणी इतकं वर की तळहात बुडवावा.

आमचे दाजी गुटखा चघळत काठावरून वाकले. "लई पाणी हाय रं इथं!" म्हणाले आणि पचकन आत थुंकले. लाल पिंक त्या नितळ पाण्यात सावकाश पसरली. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आता त्या हसण्याचीच किळस येते.

मालक रागावले नाहीत. त्यांनी पोहरा सोडला, पिंकेसकट पाणी उपसून माडाच्या आळ्यात ओतलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडे पाण्याची टंचाई नसेल, नाही?"

दाजींच्या कपाळावर टाक्यांची ताजी खूण होती. त्याच उन्हाळ्यात टँकरखाली हंडा लावण्यावरून झालेल्या मारामारीतली. तिच्याकडं बघत मी म्हणालो, "न्हाई, भरपूर हाय."