मेमरी वाढली

चंद्रपुरात होळी झाली की घराघरांतले कूलर बाहेर निघतात. माझ्या थोरल्या भावाच्या घरी यंदा तो निघाला नाही, कारण हॉलच्या एकमेव मोठ्या खिडकीसमोर टेबल होतं आणि टेबलावर संगणक होता. संगणक ऐंशीच्या दशकातला. कीबोर्ड आणि मशीन एकाच डब्यात, पडदा म्हणजे जुना टीव्ही, प्रोग्रॅम भरायचा तो टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून. भावाला त्यावर बुद्धिबळ खेळायचं होतं. बुद्धिबळाची कॅसेट मशीनबरोबरच घरात आली होती, पण मेमरी कमी पडत असल्याने खेळ एकदाही सुरू झाला नव्हता. कोळसा खाणीतली नोकरी संपली, मुलांची लग्नं झाली. पडद्यावरचा ‘जागा नाही’ हा निरोप तेवढा कायम राहिला.

वहिनीने निकाल दिला. "रविवारी कूलरवाले भाई येणार आहेत. त्या दिवशी तुमचं बुद्धिबळ चाललं तर टेबल राहील, नाही चाललं तर मशीन भंगारवाल्याकडे. अहो, मोहर्लीच्या जंगलात रस्त्यावर वाघ बसला तरी थोड्या वेळाने उठून जातो. तुमचं टेबल उठतच नाही."

भाऊ कामाला लागला. मुलचेऱ्याकडच्या, बंगाली निर्वासितांच्या एका गावात निवृत्त मास्तर राहतात, त्यांच्याकडे हेच मशीन होतं. त्याच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, मेमरी वाढवायचं कार्ड मात्र शाबूत होतं. ते भावाने एसटीने आणलं, मांडीवर ठेवून. नाव कार्ड असलं तरी वस्तू साबणाच्या वडीएवढा काळा डबा होती आणि मशीनच्या मागच्या खाचेत बसायची होती.

इथे वहिनीच्या भाषेबद्दल सांगणं आवश्यक आहे. ती सातारची. संसार चंद्रपुरात झाला, बोली माहेरचीच राहिली. तिच्या घरात काही फुटत नाही. बांगडी वाढते, नारळ वाढवतात. हा नियम तिने पुढे सगळ्या वस्तूंना लावला. कपबशा वाढल्या, ट्यूबलाइट वाढली. भावाने स्कूटर घेतली तेव्हा नारळ वाढवला, आणि महिन्याभरात स्कूटरचा आरसाही वाढला.

रविवारी सकाळी भावाने खोडरबर घेऊन कार्डाचे पितळी दात घासले. माझ्याकडे टॉर्च होती. वीज बंद केली, कार्ड खाचेत दाबलं, वीज सुरू केली. पडदा उजळला आणि लगेच काळा झाला. कार्ड जुनं, खाच सैल. जरा हललं की मशीन मेल्यासारखं. तिसऱ्या प्रयत्नाला भावाने कार्ड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी त्याच्या सांगण्यावरून बटणं दाबली. मोकळ्या जागेचा आकडा आला. आधीच्या तिपटीहून मोठा होता.

"वाढली वं!" भाऊ ओरडला. "मेमरी वाढली!"

वहिनी स्वयंपाकघरात होती. ती दारात आली आणि फार मायेने म्हणाली, "असू द्या हो. जुनीच होती."

"जुनी असली म्हून काय झालं? वाढली ना!"

"ऐकलं मी. किती वेळा सांगाल? जीवाला लावून घेऊ नका." तिने अंगणात हाक मारली. "भाई, खिडकी मोकळी झाली. बसवून टाका."

मी मध्ये पडलो नाही. बातमीदाराने घटनेत भाग घेऊ नये, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं.

कॅसेट सुरू झाली. टेपरेकॉर्डर करकरू लागला. खेळ मेमरीत उतरायला काही मिनिटं लागणार होती आणि तेवढा वेळ भावाला हात काढता येत नव्हता. खिडकीबाहेर कूलरवाल्या भाईंनी लोखंडी स्टँड मांडला, त्यावर कूलर चढवला आणि खिडकीची एक झडप काढली.

"भाई, कूलर इथी नोको लावा!"

"भाभींनी सांगितलं, भाऊ."

"तिले समजलं नाई. मेमरी वाढली म्हंजे जास्त झाली!"

भाईंनी गजाआडून भावाच्या दोन्ही हातांकडे बघितलं. "मंग तुमी तिले पकडून काऊन बसले? पळून राह्यली काय?"

"सोडली त जाते!"

"बराबर आहे," भाई म्हणाले. "भाभी, भाऊले पानी द्या."

वहिनी पाणी घेऊन आली, तेव्हा टीव्हीवर बुद्धिबळाचा पट उमटला होता. घोडा उंटासारखा दिसत होता, पण पट होता, सोंगट्या होत्या. ती पाण्याचा पेला हातात धरून बघत राहिली. "मग वाढली म्हणून काय ओरडत होता?"

"वाढली म्हूनच ओरडत होतो."

खुलासा व्हायला वेळ लागला. तोवर कूलर बसला होता, त्याच्या बाजूंच्या गवती ताट्या भिजल्या होत्या, टाकी भरली होती. भरलेला कूलर उतरवायला भाईंनी नम्रपणे नकार दिला. जाता जाता सायकलच्या ट्यूबची पट्टी मात्र दिली. त्या पट्टीने कार्ड मशीनला बांधल्यावर भावाचे हात मोकळे झाले.

वहिनीने शब्द मोडला नाही. बुद्धिबळ चाललं, म्हणून टेबल राहिलं. कूलरही राहिला. दोन्ही आता समोरासमोर आहेत, आणि कूलरची सगळी हवा सर्वप्रथम मशीनला आणि मशीनसमोर बसलेल्या भावाला लागते. ओल लागू नये म्हणून भावाने मशीनवर प्लास्टिक घातलं आहे. त्याच्याखाली हात घालून तो खेळतो. मशीन एकेका चालीला इतका वेळ घेतं की मध्येच त्याचा डोळा लागतो.

परवा दुपारी गेलो तेव्हा वहिनी सोफ्यावर वर्तमानपत्राने वारा घेत होती. पडद्यावर भावाचा वजीर नुकताच गेला होता.

"हरायचंच आहे, तर जरा बाजूला सरकून हरा," ती म्हणाली. "हवा अडते."