कावडवाल्याचे पाय

"आधी पाय बघा. तोंड काय, कुणीही बघतं."

असं म्हणून बाई खाली वाकायच्या. समोर देवळाच्या भिंतीवरची अप्सरा असो, चौकातला पुतळा असो, नाही तर लग्नाच्या हॉलबाहेर उभा केलेला थर्माकोलचा मावळा असो, बाईंची नजर पहिली पावलांवर जायची. एकदा त्या मावळ्याच्या पायात त्यांना बुटाच्या नाड्या दिसल्या. मग नवऱ्यामुलीला आहेर द्यायचा राहिला बाजूला, डेकोरेशनवाल्याला शोधून त्यांनी त्याला दहा मिनिटं उभं केलं होतं. तो बिचारा "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत घाम पुसत होता.

आमची बिल्डिंग अंबरनाथ पूर्वेची, जुनी, बिनलिफ्टची. बाई तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्यांनी तीसेक वर्षं बदलापूरला कात्रपच्या एका शाळेत इतिहास शिकवला. मी केमिकल कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर जन्म काढला. दोघंही निवृत्त. फरक एवढाच, की मी निवृत्त झालो होतो आणि बाई झाल्या नव्हत्या.

दर रविवारी सकाळी त्या आम्हा दहा-पंधरा रिकाम्या माणसांना आपल्या शिवमंदिरात घेऊन जायच्या आणि दगड बघायला शिकवायच्या. मी अंबरनाथमध्ये चाळीस वर्षं राहिलो, त्या देवळात शेकडो वेळा नारळ फोडला, पण भिंतीवर काय कोरलंय ते बाईंनी वाकायला लावलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लाज वाटली. अशी लाज वाटायला लावणारं माणूस शेजारी असावं, असं माझं मत आहे.

त्याच रविवारच्या वर्गात एक दिवस बाईंनी जाहीर केलं, "आपण इराणला जायचं. शैक्षणिक सहल."

तेव्हा तिकडे जाणं आजच्यापेक्षा सोपं होतं. तरीही लोकांनी "इराण?" असं विचारताना भुवया वर केल्याच. उल्हासनगरचे सिंधी मोहनभाई मात्र लगेच तयार. त्यांचं कापडाचं दुकान, मराठी फर्डं, मध्येच हिंदी घुसणारं. "बाई, मैं तो चाललो. दुबई बघून बघून कंटाळा आला, साईं. तिथं सगळं नवीनच आहे."

म्हणता म्हणता बावीस जण जमले. तुम्हाला वाटेल, पासपोर्ट, व्हिसा झाला की सहल ठरली. बाईंकडे तसं नव्हतं. आधी सहा रविवार वर्ग, मग लेखी परीक्षा. नापास होणाऱ्याला बसमध्ये खिडकी नाही. मला दहापैकी चार मिळाले. इस्फहानच्या पुलाच्या कमानी मी तेहेतीसऐवजी बावीस लिहिल्या होत्या. फेरपरीक्षेला मी पहाटे उठून अभ्यास केला, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

शिवाय प्रत्येकाला एकेक दगड वाटून दिला होता. म्हणजे तिथल्या एखाद्या वास्तूचा किंवा शिल्पाचा एक भाग. तिथे पोचल्यावर त्या माणसाने पुढे यायचं आणि बाकीच्यांना तीन मिनिटं समजावून सांगायचं. "ज्याचा दगड त्याने बोलायचं," हा नियम. ट्रॅव्हल कंपनीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचा गाइड असतो ना." बाई म्हणाल्या, "असू दे की. तो दमला की आम्ही बोलू."

मोहनभाईंना दगडातल्या सैनिकांच्या झग्याच्या चुण्या मिळाल्या. मला मिळालं गटार. पर्सेपोलिसच्या राजवाड्याखालचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. "तुमच्याशिवाय कुणाला कळणार ते?" बाई म्हणाल्या. मी आधी रुसलो आणि मग आठ दिवस त्याच गटाराचे नकाशे शोधत बसलो.

बाईंनी स्वतःसाठी ठेवला होता एक कावडवाला.

त्या कावडवाल्याची गोष्ट मला जिन्यात कळली. बाईंचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, "जिने टाळा." बाईंनी विचारलं, "कुठल्या उंचीचे?" घरी येऊन त्यांनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि आमच्या जिन्याची पायरी मोजली. सात इंच. "पर्सेपोलिसची पायरी जेमतेम चार इंच आहे. रोज सातवर चढणाऱ्या बाईला चारची कसली भीती?"

मी म्हटलं, "बाई, एवढा हट्ट कशासाठी?"

त्या पायरीवर बसल्या. मीही बसलो.

"शाळेच्या पुस्तकात एक चित्र होतं," त्या म्हणाल्या. "इराणच्या सम्राटाला देशोदेशीचे लोक नजराणे घेऊन येतात, त्या जिन्यावरच्या शिल्पाचं. त्यात आपल्याकडची माणसं आहेत. धोतर नेसलेली. एकाच्या खांद्यावर कावड. छपाई अशी, की पायाशी चित्र कापलेलं. बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरून सोमी नावाची मुलगी यायची, चालत. तिने हात वर केला. 'बाई, त्याच्या पायात काय हाय?' मी म्हटलं, चपला असतील. राजाकडे निघालेत, अनवाणी कसे जातील? ती म्हणाली, 'नाय बाई, अनवाणीच असंल.' मी म्हटलं, मला शिकवू नकोस. वर्ग हसला."

बाई थोडा वेळ टेप गुंडाळत राहिल्या.

"सोमीचा बाप शेवळं, करटोली असल्या रानभाज्या कावडीत घालून बदलापूरच्या बाजारात आणायचा हो. तिला ठाऊक होतं. मला नव्हतं आणि मी ठोकून दिलं. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही."

"फोटो मिळेल की मोबाइलवर. आत्ता बघू."

"नको. चित्र बघून एकदा चुकीचं सांगितलंय. आता पाय बघूनच सांगेन."

त्या वाकून वाकून पाय का बघतात, ते मला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी फोटो शोधायचा मला फार मोह झाला. पण बाईंना माझ्या तोंडावरून कळलं असतं, म्हणून मी मोबाइल कपाटात ठेवून दिला.

तर आम्ही गेलो. फेब्रुवारीतली कोरडी थंडी, बाईंच्या डोक्याला जुन्या सुती साडीच्या पदरातून शिवलेला रुमाल. गाइड रझा नावाचा तरुण, हसतमुख. पहिल्याच दिवशी इस्फहानच्या पुलावर त्याने माहिती द्यायला तोंड उघडलं आणि आमच्यातल्या एक आजी पुढे सरसावल्या, "एक्स्क्यूज मी, माझा दगड आहे." त्यानंतर तो निमूटपणे आमच्यात उभा राहून ऐकायचा. मराठी त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण टाळ्या वेळेवर वाजवायचा.

पाचव्या दिवशी पर्सेपोलिस. बसमधून उतरून आम्ही त्या प्रचंड चौथऱ्यापाशी आलो आणि बाई थांबल्या.

दगडी पायऱ्या झिजू नयेत म्हणून त्यांच्यावर लाकडी जिना बसवलेला होता. बाईंनी पर्समधून टेप काढली. वाकल्या, मोजलं. पायरी आमच्या बिल्डिंगइतकीच उंच होती. आणि बिल्डिंगला तीन मजलेच होते. इथे वर बघितलं तर मान दुखत होती.

सगळं मोजलं होतं बाईंनी. हे लाकूड तेवढं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बाईंनी टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवून दिली. रझा म्हणाला, चार माणसं आणतो, खुर्चीत बसवून वर नेऊ. मी ते मराठीत सांगितलं.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "उचलून नेलं तर मी नजराणा झाले."

आणि वळून त्या पहिल्या पायरीवर बसल्या. चढणीकडे पाठ केली, दोन्ही हात मागे टेकले आणि स्वतःला एक पायरी वर ओढून घेतलं. मग दुसरी.

"बाई, लोक बघतायत," आमच्यातलं कुणीतरी पुटपुटलं.

"बघू देत. आधी पाय बघा म्हणावं."

मोहनभाईंनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, पँट सावरली आणि बाईंच्या शेजारी बसले. "क्या शरम है? मी पण असाच येतो. मेरे भी घुटने कुठे ठीक आहेत!" मग मी बसलो. मग बाकीचे बसले. बावीस माणसं पाठमोरी, बसत बसत, सम्राटाच्या जिन्यावरून वर निघाली. आम्ही मोठ्याने पायऱ्या मोजत होतो. तिकडच्याच एका शाळेच्या मुली वर निघाल्या होत्या. त्या आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग आमच्यासोबत थांबून मोजायला लागल्या. आमचं "एक, दोन", त्यांचं "यक, दो". मधल्या टप्प्यावर कुणीतरी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि ती त्या मुलींमध्येही वाटली गेली. माझ्या कंबरेने नंतर आठवडाभर त्रास दिला, पण इतका मी शाळेत असतानाही हसलो नव्हतो.

पाऊण तास लागला. वर पोचल्यावर बाई धापा टाकत होत्या, आणि समोरचं सगळं मैदान, पार क्षितिजापर्यंत, त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

"बाकीचे लोक पायऱ्या बघत चढतात," त्या म्हणाल्या. "आपण देश बघत चढलो."

मग सगळे आपापले दगड बोलले. मोहनभाईंनी चुण्यांचा हिशेब मांडून सांगितलं, की एका झग्याला किमान सात मीटर कापड लागलं असणार आणि शिंपी कसबी होता. मी माझं गटार उतारासकट समजावलं. रझाने टाळ्या वाजवल्या.

शेवटी आम्ही नजराण्यांचं शिल्प असलेल्या त्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी आलो. वर छप्पर, पुढे दोरी. तीन रांगांमध्ये कोरलेले देशोदेशीचे लोक, दोन गटांच्या मध्ये सुरूचं एकेक झाड. खालच्या रांगेत आपले लोक होते. धोतर नेसलेले, वरचं अंग उघडं, सोबत एक गाढव. आणि खांद्यावर कावड घेतलेला तो.

बाई माझा हात धरून सरळ जमिनीवर बसल्या. चष्मा पुसला. वाकल्या.

एवढ्या माणसांनी एका दगडी पावलाची इतकी वाट कधी पाहिली नसेल.

"पुढच्या म्होरक्याच्या पायात चपला आहेत," बाई सावकाश म्हणाल्या. "कावडवाला अनवाणी आहे. पाची बोटं दिसतायत."

आणि त्या रडायला लागल्या. रडता रडता हसायलाही लागल्या. मग डोळे टिपून म्हणाल्या, "फोन. कुणाचा लागतो इथून?"

रझाने आपला पुढे केला. बाईंनी पर्समधल्या वहीतून नंबर काढला. तो आधीच लिहून आणलेला होता. सोमी आता तिच्याच वाडीवर अंगणवाडी चालवते, हेही त्यांनी काढून ठेवलं होतं. मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मागे पोरांचा कल्ला ऐकू आला.

"सोमी, मी बाई बोलतेय. कात्रपच्या शाळेतली. तो कावडवाला आठवतो? त्याच्या पायात काही नाही गं. तू बरोबर होतीस. मी चुकले."

पलीकडे तिने पोरांना दटावलं. मग, "बाई? तुमी कुठं हाव?"

"त्याच्यासमोर. इराणला."

"येवढ्यासाठी गेल्या?"

"एवढ्यासाठीच."

आणि मग तिकडून एकदम हसू फुटलं, अगदी शाळकरी मुलीचं. "मंग! मी बोल्ले व्हते ना!"

आम्हाला वाटलं, आता बाई बोलतील. त्यांचा दगड होता. पण त्यांनी फोन हातात धरून शिल्पापुढे केला.

"हा दगड माझा नाही, सोमी. तुझा आहे. इथे बावीस माणसं उभी आहेत, त्यांना सांग. कावडवाला अनवाणी का?"

ती आधी लाजली. "मी काय सांगू, बाई?" मग घसा खाकरला. "कावड कोन्च्या खांद्यावर हाय त्याच्या?" बाईंनी बघून सांगितलं. मग सोमी जी सुरू झाली! ओझं दोन्हीकडे झुलतं, म्हणून पाऊल झोक्याबरोबर पडावं लागतं. वहाण असली तर घसरते, बोटांनी भुई धरता येत नाही. बांधावर, चिखलात बोटंच माणसाला उभं ठेवतात. "आनि कावडवाला मधी थांबत नाय. चालता चालताच खांदा बदलतो. तुमी बघा, त्याच्या मानेवर गाठ असंल. माझ्या बापाच्या हाय."

आम्ही सगळे वाकून मान बघायला लागलो. गाठ दिसली नाही, दगड झिजला होता. पण त्या माणसाला मी तोवर शिल्प म्हणून बघत होतो, त्यानंतर नाही.

तीन मिनिटांची वेळ होती. सोमी अकरा मिनिटं बोलली. बाईंनी तिला थांबवलं नाही आणि टाळ्या आम्ही इतक्या वाजवल्या, की पहारेकरी बघायला आला.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेत, शांतपणे गेल्या. तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आहेत, चांगले आहेत. पण जिना चढताना टेप घेऊन बसलेली बाई दिसत नाही आणि मला करमत नाही, हे सरळच सांगतो.

रविवारचा वर्ग मात्र सुरू आहे. गेल्या रविवारी सोमी अंगणवाडीची पोरं घेऊन आली होती, टेम्पोत भरून. देवळाच्या भिंतीशी उभी राहून म्हणाली, "आधी पाय बघा." पोरं पटापट खाली बसली. मोहनभाईही गुडघे धरत बसले.

एका चिमुरडीने भिंतीवरच्या एका झिजलेल्या बाईच्या पायाकडे बोट दाखवलं. "हिच्या पायान पैंजन हाय का वाळा?"

आम्ही सगळ्यांनी सोमीकडे पाहिलं. सोमी वाकली, दगडाला नाक लागेल इतकी वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मला ठाव नाय," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"