न वाचलेली ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून सगळं जुनं आठवत होतो – तेव्हाही हे एवढं गिळलंच. सांगायला तोंड उघडलं की मी भलतंच काहीतरी सांगत सुटतो. मला बोलता चांगलं येतं, हा माझा जुना रोग. म्हणून लिहितो आहे.

तशी गोष्ट मोठी नाही. एका चिठ्ठीतली एक ओळ मी वाचली नाही. बस. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी माणूस दहा वर्षं मनात कुढत बसतो का? थांबा. जरा धीराने घ्या माझ्याशी.

गोरेगावात आमचं घर पटवाऱ्याचं. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. कचेरीचा कागद आला की गावाला दोनच माणसं – एक वडील, दुसरा मी. मशिदीतले मुल्लाजी कुराण फार सुरेख वाचत, पण कचेरीतलं ते घाईचं, अर्धवट वळणाचं हस्ताक्षर त्यांनाही लागत नसे. तेही आमच्याच ओट्यावर येत. आणि मला – खरं सांगू? – त्याची फार मौज वाटे. ज्यांच्या चुलीपाशी उर्दू बोलतात त्यांना मी उर्दू वाचून दाखवायची. लोक जोडे काढून ओट्याखाली उभे राहायचे. मी उगाच घसा साफ करायचो. लगेच वाचलं तर त्यात काय मान?

हा मान मला का एवढा लागत होता, तेही सांगायला हवं. वडिलांनी मला शिकायला हैदराबादला ठेवलं होतं. खोली, खानावळ, फी, पुस्तकं – दोन वर्षं. मॅट्रिकला मी दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. गावात परत आलो ते पोटावर हात ठेवूनच. सांगितलं, तिथलं पाणी बाधलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांनी ओळखलं असणार, पण तेही पाण्यालाच नावं ठेवत राहिले. मग गावच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली आणि मी गावाचा 'मास्तर' झालो.

आता रशीद. उस्मानचाचा पिंजाऱ्याचा थोरला. थंडी तोंडावर आली की चाचा खांद्यावर ती मोठी कमान घेऊन घरोघर फिरायचे, जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे. रशीद सोबत असायचा, पण त्याचं चित्त कापसात नव्हतं. माझ्या काकांच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन एकदा ऐन बाजारच्या दिवशी बंद पडलं. हिंगोलीहून मिस्त्री यायचा तर दोन दिवस. सोळा वर्षांच्या या पोराने कान लावून ऐकलं, काहीतरी उघडलं, फुंकलं, पुसलं – आणि इंजिन चालू. काकांनी त्याला गूळ दिला. मी जवळच उभा होतो. सगळे हसले, मीही हसलो. पण मला ते आवडलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मग त्याच वर्षी बाजारात दवंडी झाली. कारागिरांच्या पोरांसाठी हैदराबादेत सरकारी शाळा आहे – सुतारकाम, लोहारकाम, इंजिनकाम, तीन वर्षं. लिहिता-वाचता यायलाच पाहिजे असं नाही, हात चालला पाहिजे. निवड हिंगोलीला. चाचांनी चार माणसांत मला विचारलं, "मास्तर, आमच्या लेकराची दरखास्त लिवून देता का?" चार माणसांत नाही म्हणता येतं का? मी झोकात लिहून दिली. वर म्हणालो, शिकलं पाहिजे चाचा, सगळ्यांनी शिकलं पाहिजे. माझी खात्री होती की याची निवड व्हायची नाही. उदारपणा असा बिनखर्चाचा असला की माणूस फार उदार होतो.

हिंगोलीला मीच त्यांना घेऊन गेलो. साहेबाने रशीदपुढे एक बिघडलेला पंप ठेवला. पोराने तो घोंगडीवर सुटा केला, एकेक तुकडा ओळीने मांडला, आणि तसाच परत जोडला. साहेब खुर्चीवरून उठून घोंगडीपाशी येऊन बसला होता – हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चाचांनी हात जोडून विचारलं, साहेब, फी किती, खाणं-राहणं कुणी बघायचं? साहेब म्हणाला, निवड झाली तर चिठ्ठी येईल, सगळं तिच्यात लिहिलेलं असेल.

पंधरा-वीस दिवसांनी कचेरीच्या कागदांबरोबर चिठ्ठी आमच्या घरी आली. मी ती घेऊन चाचांच्या घरी गेलो. ओट्यावर बोलावलं नाही, स्वतः गेलो – का गेलो? साहेबाचं ते घोंगडीपाशी बसणं पाहूनही मी मनात नकारच धरला होता, आणि नकार मला त्यांच्या दारात, सगळ्यांसमोर वाचायचा होता. असा मी.

घरभर कापूस उडत होता. चाचांनी कमान बाजूला ठेवली. चाची दाराआड. रशीद उभा, हात मागे. मी लखोटा फोडला. सहा ओळींची चिठ्ठी. पहिल्या तीन वाचल्या – रशीद वल्द उस्मान, राहणार गोरेगाव, याची निवड झाली आहे. चाची आत रडायला लागली. चाचांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. आणि रशीद – रशीद माझ्याकडे बघून हसला, जणू मीच त्याला निवडलं होतं.

मग चौथी ओळ आली. खाणं, राहणं, शिकणं, सगळा खर्च सरकारचा. ती मी डोळ्यांनी वाचली. तोंडाने पाचवीवर गेलो – दहा दिवसांत हजर व्हावं. सहावी – सोबत बिछाना आणावा. खाली सही.

किती वेळ लागला असेल? एक श्वास. तेवढ्यात मला सगळं दिसलं. हे पोरगं सुटीत येईल, अंगात पाटलोण, हातात इंजिनची विद्या. आणि हैदराबादचं पाणी त्याला बाधलेलं नसेल. माझ्या बापाने पैसे ओतून मला जे जमलं नाही ते पिंजाऱ्याच्या पोराला फुकट? राग कुणाचा होता – त्याचा? सरकारचा? माझ्या दोन निकालांचा? काहीही असो. राज्याने एक दार उघडलं होतं, दारात मी उभा होतो, आणि मी ते लोटून घेतलं.

चाचांनी ऐकलं. मान हलवली. गप्प बसले. मग म्हणाले, "तीन साल परदेशात पोराला खाऊ घालायचं... कमान इकली तरी पुरं पडायचं न्हाई मास्तर. आन कमान इकून बाकीच्यांनी काय खावं?" रशीद बाहेर निघून गेला. मी चिठ्ठी घडी केली आणि म्हणालो, ही माझ्यापाशी ठेवतो, तुमच्या घरात कापसामुळे उंदीर. चाचा म्हणाले, "व्हय, तुमच्यापाशीच बराबर राहील."

ते दहा दिवस कसे गेले, काय सांगू. चोराच्या मनात चांदणं. चाचा कुणाशी बोलताना दिसले की माझे पाय थांबायचे. हिंगोलीच्या बाजाराला ते जाणार कळलं तर मीही निघालो, दिवसभर त्यांच्या मागेपुढे. वडिलांपाशी ते एकदा बसले होते, मी मधेच जाऊन गाईचा विषय काढला. नवव्या दिवशी चाचा सकाळीच माझ्या दारात उभे. वाटलं, कळलं. त्यांच्या डोक्यावर गुंडाळी होती. नवी गादी. "पोराच्या बिछान्यासाठी पिंजला व्हता कापूस. आता त्यो जाऊन न्हाई राहिला. तुमचं लगीन हाय औंदा. तुमी येवढं केलं आमच्यासाठी." मी घेतली. नको म्हणायला तोंड हवं ना! त्या गादीवर मी दहा वर्षं झोपतो आहे. बायको म्हणते, अशी गादी पंचक्रोशीत नाही.

पुढे रशीदला मी उर्दू लिहा-वाचायला शिकवलं. त्याने मागितलं नव्हतं, मीच बोलावलं. गावाने वाहवा केली – मास्तरांना जातपात नाही, पिंजाऱ्याच्या पोरालाही शिकवतात. मला वाटलं होतं थोडं हलकं वाटेल. झालं उलटंच. तो एकेक अक्षर शिकू लागला तशी माझ्या पेटीतली ती चिठ्ठी जड होऊ लागली. त्याला आता सगळं वाचता येतं. ते घाईचं हस्ताक्षरसुद्धा. माझीच अक्षरं माझ्यावर पहाऱ्याला बसली. मग चिठ्ठी जाळून का टाकली नाही? कितीदा चुलीपाशी नेली. जाळवली नाही. एवढंच सांगता येतं.

चाचा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगायचे – आमच्या लेकरासाठी मास्तरांनी लई तकलीफ घेतली, नशिबानंच न्हाई दिलं.

यंदा भाद्रपदात निजाम हटला, राज्य बदललं. त्या दिवसांत, लोक सूड घेतील या धाकाने, मुसलमानांच्या घरांची दारं दिवसाही बंद असायची. रशीद आडवाटेने माझ्याकडे आला, लहान मुलगी कडेवर. म्हणाला, "आमी कुठं जाऊ मास्तर? तुमच्या शब्दावर हितं हाव." माझ्या शब्दावर! गावाने त्यांना काही होऊ दिलं नाही, त्यात मीही होतो, हे खरं आहे. पण ते मी इथे जमेस धरत नाही.

मग दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा आला. चेहरा उजळलेला – कितीतरी वर्षांनी. हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवर माणूस हवा होता. काम करून दाखवलं, पसंत पडलं. पण मालक म्हणतो, कुठं शिकला त्याचा काही कागद आण. "मास्तर, ती चिठ्ठी हाय ना? शिकलो न्हाई, पर निवड झाल्ती, येवढं तरी दिसंल."

पेटी माझ्या मागेच होती. मी तिच्यावर हात टेकून बसलो होतो. म्हणालो, वाळवी लागली रे, सगळंच गेलं.

तो म्हणाला, "जाऊ द्या. तुमचा काय कसूर." जिनिंगमध्ये दुसरा माणूस लागला. रशीद थंडीच्या आधी कमान घेऊन आमच्या दारात आला, माझी गादी उसवली, कापूस पिंजला, परत भरून दिली. मास्तरांच्या घरचं म्हणून पैसे घेतले नाहीत. त्याचा हात अजून तसाच आहे – गाठ कुठे आहे ते न बघता सापडते त्याला. मी ओट्यावर बसून पोरांच्या वह्या तपासत होतो. आता मराठी शाळा होणार, मी हेडमास्तर होणार. परवा सभेत मी बोललो – गरिबाच्या लेकराला शिक्षणाचं दार उघडं पाहिजे. टाळ्या पडल्या. रशीद मागे उभा होता, मुलीला खांद्यावर घेऊन. त्यानेही वाजवल्या.

संपलं असं वाटत होतं. पण वर लिहिलेलं वाचून बघितलं आणि पाहा – इथेही मी तेच केलं. एक ओळ गाळली.

चाचा ऐकून गप्प बसले, असं मी लिहिलं. ते गप्प बसले नव्हते. त्यांनी विचारलं होतं. अगदी सरळ, माझ्या तोंडाकडे बघत – "आन खाण्या-राहण्याचं काय लिवलंय, मास्तर?" चिठ्ठी माझ्या हातात उघडी होती. बोट चौथ्या ओळीखाली होतं. अजूनही वाचता आलं असतं. अरे, राहिलंच की, म्हणून हसता आलं असतं. मी म्हणालो – त्याचं काही लिहिलेलं नाही, चाचा.

ओळ राहून गेली नव्हती. त्यांनी विचारल्यावर मी खोटं बोललो. रशीद तेव्हा तिथेच होता, त्यानंतर तो बाहेर गेला.

चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे. वाळवी लागलेली नाही, शाईही उडालेली नाही. घडीवर थोडी फाटली आहे. हा कागद लिहून झाला की दोन्ही घेऊन मी रशीदच्या घरी जाणार आहे. तो वाचेल, मी उभा राहीन. त्याने काय करावं, काय म्हणावं, ते माझं नाही. आता त्याला मोठ्याने वाचून दाखवायला कुणी लागत नाही. तरी ही ओळ एकदा माझ्या हाताने इथे उतरवतो, जशी आहे तशी –

'खाने, रहने और तालीम का सारा खर्च सरकार के जिम्मे रहेगा.'