पाच बाय पाच

तमाम लातूरकरांस कळविण्यात येते की, माझ्या लग्नात अक्षता पडण्याआधी टेप आप्पांनी स्टेज मोजून "नवरदेवाला पळायला जागा कमी हाय" असा जाहीर शेरा दिला होता. याबाबत कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. माझ्या बायकोची तोंडी हरकत अद्याप चालू आहे.

ही नोटिशीची भाषा आप्पांचीच. नगररचनेत ते आरेखक होते; मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायला शिकलो. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात पेनाऐवजी स्टीलचा टेप असे. टपरीवर चहाला बसले तरी आधी बाकडं मोजणार. "मोजल्याबिगर बोलायचं न्हाई," म्हणायचे, "डोळे लई खोटारडे असतेत."

एक गोष्ट मात्र ते आवाज खाली आणून सांगत. भूकंपानंतर त्यांना पाहणीला किल्लारीला धाडलं होतं. अरुंद गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर पडल्या होत्या. माणसं घरातून निघाली आणि गल्लीत गाडली गेली. परत आल्यावर बांधकाम नियमांचा मसुदा त्यांच्या टेबलावर आला, तेव्हा आप्पांनीच भांडून घराभोवतीची मोकळी जागा वाढवून घेतली. पुढे दहा फूट, बाकी तिन्ही बाजूंनी पाच-पाच. कार्यालयात या जागेला मार्जिन म्हणतात. "माणसं वाचावीत म्हणून केलं रे," एवढं बोलून ते टेप बाहेर ओढायचे आणि सटकन सोडून द्यायचे.

मोठ्या प्लॉटवाल्यांचं ठीक झालं. औसा रोडला भाजी विकणाऱ्या काशीबाईंकडे मात्र पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा होता. पक्क्या घराला परवानगी हवी, घरकुलालाही परवानगी हवी, आणि मार्जिन सोडलं की घरच उरत नव्हतं. मग भिंतीही पत्र्याच्या, छतही पत्र्याचं. एका वैशाखात भरदुपारी त्यांचा आजारी नवरा त्या पत्र्याखालीच गेला. आप्पा भेटायला गेले. सवयीनं त्यांनी खोली मोजली, आणि माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच आकडा बोलले नाहीत.

तेव्हापासून ते स्वतःच घडवलेला नियम मोडायच्या मागे लागले. लहान प्लॉटला मार्जिन कमी करा, असा अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी केबिनमध्ये न जाता त्यांनी कार्यालयाच्या आवारातच चुन्याची फक्की मारून काशीबाईंचा प्लॉट आखला आणि नव्या साहेबांना बाहेर बोलावलं.

"ह्यो प्लॉट. ही सोडलेली जागा. ऱ्हायलं ते घर. जरा आत पडून दाखवा, साहेब."

साहेब बुटांना फक्की लागू न देता चौकोनात उभे राहिले. "आप्पा, इथं कोण झोपणार?"

"कुणीच न्हाई. पाच बाय पाच हाय. नुसतं बसता येतंय."

"कुठल्या शहाण्यानं केलाय हा नियम?"

आप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. मी इतक्या जोरात हसलो की शिपाई बाहेर आला. मग आप्पांचा चेहरा पाहिला.

अर्ज 'विचाराधीन' झाला. दर सोमवारी आप्पा विचारायला जात. मी म्हणालो, "आप्पा, आता सोडा." ते म्हणाले, "मी घातलेली गाठ हाय. दुसरं कोण सोडंल?" गेल्या उन्हाळ्यात ते गेले. अर्ज अजून विचाराधीनच आहे.

आप्पा लिंगायत; त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. खणण्याआधी खड्डा आखला, तो मी त्यांच्याच टेपनं मोजला. पाच बाय पाच. कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात त्यांचे एक नातेवाईक पुढे होऊन खणणाऱ्यांना म्हणाले, "शेजारच्या समाधीपासून तीन फूट तरी सोडा रे."

मागे उभ्या असलेल्या काशीबाई एकदम ओरडल्या, "लागून खणा की वो! आता तरी त्येन्ला मार्जिन सोडाया लावू नका!"