बाबांच्या कानाचं माप

रविवारी दुपारी मुलीने माझ्यासाठी मागवलेले इअरबड्स आले, मुलुंडच्या घरी. डबीत रबराची बोंडं तीन मापांची... लहान, मधलं, मोठं. "आई, घाई करू नकोस हां, एकेक लावून बघ. सैल बसलं तर आवाजाची वाट लागते," असं बजावून ती आत गेली.

मी मधलं बोंड हातात घेऊन नुसती बसून राहिले. रडूच यायला लागलं. साठी उलटलेल्या बाईने इअरबड्स बघून रडायचं म्हणजे कमालच झाली... पण आलं खरं.

ऐंशीच्या दशकात आम्ही कांजूरमार्गला चाळीत दोन खोल्यांत राहायचो. मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे.

मागांच्या खडखडाटात शेजारच्याचाही आवाज ऐकू यायचा नाही. त्यामुळे तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून गप्पा मारायची. समोरच्या गॅलरीत बायका काय कुजबुजतायत ते बाबा आमच्या खिडकीतून सांगायचे, आणि आई त्यांच्यावर डाफरायची. आम्हाला ती त्यांची कला वाटायची... त्यांचे कान गेलेत हे आम्हाला कळलंच नाही. त्यांनाही नाही.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं. ती हळू, जड जिभेने बोलायची, पण मला कळायचं. बाबांना मात्र एक अक्षर कळेना.

बाबा रिटायर झालेले, मी अंधेरीला ऑफिसात. दिवसभर घरात ती दोघंच. कधी डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस एक दिवस आपणहून म्हणाला, "माका कानाचा मशीन घेवन दी गो. ती काय बोलता ता माका समजाक व्हया."

घाटकोपरला गेलो. तेव्हाचं मशीन म्हणजे शर्टाच्या खिशात ठेवायची डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर आणि वायरच्या टोकाला बोंड. दुकानदाराने तयार बोंडं लावून बघितली, तीच तीन मापं. मोठं टोचलं, लहान गळून पडलं, मधलं म्हणे "बरा वाटता".

मधलंही जरा सैलच, त्यामुळे मशीन शिट्टी वाजवत होतं, म्हणून दुकानदाराने आवाज कमी केला. कानाचा साचा घेऊन बरोब्बर मापाचं करून देतो म्हणाला, पण दहा दिवस लागतील. मलाच घाई. समोर उभं राहून त्याने विचारलं, ऐकू येतंय का? मीही समोर उभं राहून विचारलं. "येता की!" बाबा खूश... मीही खूश. आम्ही दोघं त्यांच्या तोंडासमोर उभे होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साळखात्यातल्या माणसाची मुलगी मी, आणि मला हे कळू नये?

पंधराएक दिवसांनी डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. दार उघडंच होतं. आई बाबांना म्हणत होती, "वायच बसा हंय." जरा इथे बसा.

बाबा कानातलं बोंड दाबत तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी व्हया? हाडतंय." पेला आणला, तिची मान उचलून पाजलं. ती मुकाट प्यायली.

ते पेला ठेवायला वळले तशी ती पुन्हा म्हणाली, "वायच बसा." पुन्हा पेला आला. तोही ती प्यायली... असं किती दिवस चाललं होतं, देव जाणे.

मी बाबांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली. तीनदा. ते वळले नाहीत.

शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून त्याच संध्याकाळी बाबांना पुन्हा घाटकोपरला नेलं. दुकानदाराने कानात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. येताना सांगावंसं वाटत होतं, बाबा, आई पाणी नाही मागत... पण नाही सांगितलं. दहा दिवसांचा तर प्रश्न, तिच्याच तोंडून ऐकू देत. मोठी शहाणीच मी.

सहाव्या दिवशी आई गेली.

तेरावं झाल्यावर बाबाच म्हणाले, जाऊन ता घेवन येवया. बोंड कानात असं बसलं की काही घातलंय असं वाटू नये. टोचलं नाही, शिट्टी नाही. दुकानदाराने तोंडापुढे वही धरून पाच शब्द म्हटले, बाबांनी पाचही बरोबर सांगितले.

घरी येऊन ते आईच्या कॉटकडे तोंड करून बसले. माझ्याकडे पाठ होती. तसंच बसून विचारलं, "तुजी आवस काय बोलत हुती गो? तुका समजत हुता."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तेवढं बरं झालं.

म्हटलं, "पाणीच मागायची, बाबा."

ओठ न बघता माझं अख्खं वाक्य त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं, ते हे. त्यांनी मान हलवली. "मगे... दर खेपेक दिलंय मी," म्हणाले, आणि डोळे पुसले.

बाबांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या खोट्याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं ते आधीच्या सहा दिवसांचं... तेव्हा एक वाक्य बोलले असते, तर ते दोघं सहा दिवस शेजारी शेजारी बसले असते.

थोड्या वेळाने मुलीने आतून डोकावून विचारलं, "आई, आवाज कसाय?" मी बोंड डबीत ठेवलं आणि तिला म्हटलं, जरा बस ना इथे.

हातातलं काम टाकून ती येऊन बसली.