कुंदाताई आणि चामटोलीची भिंगरी

अंबरनाथ पूर्वेला आमच्या कॉलनीत कुणी "कुत्रं हवंय" म्हणालं, की लोक त्याला शेवटच्या बिल्डिंगकडे पाठवायचे. तिथे तळमजल्यावर कुंदाताई गुप्ते राहत. त्यांचे यजमान शरदचंद्र रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. क्वार्टर कंपनीचं, आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये कुत्रं पाळायला सक्त मनाई. त्यामुळे कुंदाताईंना स्वतःचं असं एकही कुत्रं कधी पाळता आलं नाही. दुसऱ्यांच्या घरी मात्र त्यांनी किती कुत्री पोचवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुरुवात कारखान्याच्या गेटवर जन्मलेल्या पिल्लांपासून झाली. वॉचमन ती पोत्यात भरून लांब सोडून येणार होता. शरदचंद्रांनी घरी जेवताना सहज ही गोष्ट सांगितली आणि उठेपर्यंत कुंदाताई चपला घालून तयार होत्या. ती पिल्लं कॉलनीच्या बाहेर चार घरांत गेली. मग कुणाचा पाय मोडलेला टॉमी, कुणी गाव सोडताना मागे ठेवलेली राणी, अशी एकेक येत गेली. मागच्या व्हरांड्यात दोन-चार दिवस मुक्काम आणि मग नवीन घर. मॅनेजर साहेब तिकडून जात असले, तर शरदचंद्र व्हरांड्यात उभे राहून मोठ्याने खोकत.

"आमच्याकडे वधूवर सूचक मंडळ आहे," ते पाहुण्यांना सांगत. "फक्त आमच्या स्थळांना शेपूट असतं."

त्यात फारशी थट्टा नव्हती. कुत्रं मागायला आलेल्या माणसाला कुंदाताई आधी खुर्ची देत, मग पाणी, आणि मग प्रश्न विचारत. दुपारी घरी कोण असतं? घाबरणारं कुणी आहे का? गॅलरीत ऊन येतं का? एकदा बदलापूरचे निवृत्त मास्तर, श्रीपाद वैद्य, वैतागून म्हणाले, "अहो, मुलीच्या लग्नातसुद्धा मला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते."

"मुलगी माहेरी येऊन सांगू तरी शकते, मास्तर," कुंदाताई म्हणाल्या. "हे काय सांगणार?"

कुत्रं पोचवून आठवडा झाला, की त्या स्वतः त्या घरी जाऊन येत. याला त्यांनी नाव ठेवलं होतं मांडवपरतणी. चहा घेता घेता कुत्रं झोपतं कुठे, पाण्याचं भांडं धुतलेलं आहे का, हे सगळं नजरेखालून घालत. ज्या घरी मांडवपरतणी नीट झाली, तिथलं कुत्रं परत आलं नाही, असा त्यांचा अनुभव होता.

नव्वद साली, होळीच्या आधी, चामटोलीचा हरिचंद्र त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. साठीचा, अंगाने काटक, पांढऱ्या टोपीतला शेतकरी. खुर्चीवर बसायला तयार नव्हता, उंबऱ्यापाशीच टेकला.

"ताय, तुमी कुत्री देता, असा ऐकला. माझ्याकरं हायेत."

"पिल्लं आहेत का?"

"पिल्ला नाय. शिकारीची हायेत. म्हातारी झाली."

तरुणपणी हरिचंद्र गावच्या शिकारीचा म्होरक्या होता. भाताच्या दिवसांत रानडुकरं शेतात शिरली की गावातली माणसं कुत्री घेऊन रानात जात. शिकारीवर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती गावापर्यंत पोचायला वेळ लागला. वनखात्याची माणसं फेऱ्या मारू लागल्यावर हरिचंद्राने शिकार सोडली. भाला आढ्याला टांगून ठेवता आला, कुत्री कुठे टांगणार? कुत्री रिकामी झाली. रानात जायचं नाही, तर ती गावातच शिकार करू लागली. आधी कोंबड्या गेल्या, मग शेजाऱ्याची शेळी. गावाने हरिचंद्राला सांगितलं होतं, होळीपर्यंत बंदोबस्त कर, नाहीतर आम्ही भाकरीतून औषध घालतो.

"त्यांचा पन काय चुकला नाय," हरिचंद्र म्हणाला. "शेळी कमळाबायची व्हती. ती बिचारी रडली. पन माझ्या हातची जेवलेली कुत्री हायेत, ताय. मना नाय बघवनार."

कुंदाताई दुसऱ्याच दिवशी चामटोलीला गेल्या. तीन कुत्री होती. दोन नर तसे धडधाकट होते. एक श्रीपाद मास्तरांच्या कंपाउंडात गेला, दुसरा अंबरनाथच्या एका लाकडाच्या वखारीत. उरली भिंगरी. तांबूस रंगाची, उंच पायांची, एक कान डुकराने फाडलेला, मागचा एक पाय किंचित ओढत चालणारी. तरुणपणी डुकराभोवती गरागरा फिरायची म्हणून हे नाव. आता ती सावलीत बसून दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहायची.

फाटक्या कानाची म्हातारी कुत्री कोण घेणार? कुंदाताईंनी पुष्कळ दारं पाहिली आणि शेवटी एक स्थळ सापडलं, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये. शशिकांत आणि पद्मजा प्रधान यांचं तिथे जीन्सला लागणाऱ्या बटणांचं आणि चेनचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागेच. दोघं दिवसभर दुकानात, आणि घरात शशिकांतची आई, मालिनीबाई, एकट्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. पद्मजेनेच निरोप पाठवला होता, की आईंना सोबत हवी.

मालिनीबाईंना कुत्र्यांची मायाही होती. त्यांच्या तव्यावरची पहिली पोळी नेहमी गल्लीतल्या कुत्र्याची असायची. मुक्या जनावराला घातल्याशिवाय घरातल्या कुणाच्या पानात पोळी पडत नसे. कुंदाताईंनी हे ऐकलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. इतकं चांगलं स्थळ त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

भिंगरी भाजीच्या टेम्पोतून कॅम्प पाचला आली. पहिल्या दिवशी मालिनीबाईंनी तिच्यासाठी नवी ॲल्युमिनियमची ताटली काढली, पहिली पोळी दुधात कुस्करली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. भिंगरीने ताटलीकडे पाहिलं, मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"नवी जागा आहे," पद्मजा म्हणाली. "खाईल उद्या."

उद्याही तेच, परवाही तेच. मालिनीबाई पोळीला तूप लावून पाहू लागल्या. ताटलीला मुंग्या लागायच्या, मग त्या ती उचलून गल्लीत रिकामी करायच्या. भिंगरी वाळत चालली. रात्री भांडी घासायच्या आधी मोरीपाशी ठेवलेलं खरकटं तेवढं चाटायची. मालिनीबाईंना तेच फार लागलं.

"माझी ताजी पोळी नको, खरकटं चालतं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं अन्न तिला गोड लागत नाही, दुसरं काय?"

शेजारच्या लाजवंतीबेन दार न वाजवताच आत आल्या. हातात दाल-पकवानाची थाळी. "अरी मालिनीबेन, दूध-रोटी कौन खाता है? गाव की है, उसको मसालेवाला मंगता है!" त्यांनी थाळी ठेवली. भिंगरीने उठून जागा बदलली. "मेरे हाथ का भी नहीं खाती?" लाजवंतीबेन म्हणाल्या. "ये तो मेरी सास से भी ऊपर निकली!"

जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, पोट दाबलं, ताप पाहिला. दोष काही नाही म्हणाले. शेवटी पद्मजेने अंबरनाथला फोन केला. "कुंदाताई, रविवारी येऊन तिला घेऊन जा. ती खात नाही म्हणून आईंचं जेवणावरचं लक्ष उडालंय. आमच्या डोळ्यांपुढे ती मेली, तर त्या सावरायच्या नाहीत."

कुंदाताईंनी फोन ठेवला. क्वार्टरमध्ये भिंगरीला ठेवता येणार नव्हतं. श्रीपाद मास्तरांकडे एक आधीच होता. राहिलं चामटोली, आणि तिथे औषध घातलेली भाकरी वाट पाहत होती.

"परत आणली तर ती मरणार, आणि तिथे ठेवली तरी मरणार," त्या शरदचंद्रांना म्हणाल्या.

शरदचंद्रांनी वर्तमानपत्र खाली केलं. "प्लँट बंद पडला, की आम्ही सगळ्या व्हॉल्व्हना एकदम हात लावत नाही. एका वेळी एकच बदल करतो आणि बघतो. त्या लोकांनी पोळी, तूप, पकवान सगळं बदलून पाहिलंय. एक गोष्ट कुणी बदललेली नाही."

"कोणती?"

"ते मला काय माहीत? माझा प्लँट नाही तो," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

रविवारी कुंदाताई कॅम्प पाचला पोचल्या, तेव्हा स्वयंपाक झाला होता. भिंगरीच्या बरगड्या दिसत होत्या. तिने शेपूट हलवलं, पण ती उठली नाही.

"जेवल्याशिवाय जायचं नाही," मालिनीबाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते. "निदान तुम्ही तरी खा माझ्या हातचं."

कोलंबीचं कालवण, भात, पोळ्या. कुंदाताई, शशिकांत आणि पद्मजा पाटावर बसले. मालिनीबाई वाढत होत्या. त्या दिवशी त्यांनी पहिली पोळी भिंगरीला घातली नाही. "कशाला? मुंग्यांनाच जाणार."

कुंदाताई जेवत होत्या, पण लक्ष भिंगरीकडे होतं. आज ताटली समोर नव्हती, म्हणून असेल, ती भिंतीकडे वळली नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर सरळ बसली होती. एक घास तोंडात गेला, की तिची नजर त्या हाताबरोबर खाली यायची. रुसलेलं कुत्रं असं बसत नाही. रेशनच्या रांगेत आपला नंबर यायची वाट पाहणारं माणूस तसं बसतं.

तिघांची जेवणं झाली, हात धुतले. भिंगरी उभी राहिली.

"पद्मजा, आता घाल तिला," कुंदाताई घाईघाईने म्हणाल्या.

पद्मजेने भात-कालवण कालवून ताटली ठेवली. भिंगरी पुढे आली, हुंगलं, तोंडातून लाळ गळली. आणि मग तिने मान वर करून मालिनीबाईंकडे पाहिलं. परत मागे सरून बसली.

"बघा! अन्न समोर आणि हिचं हे असं!" मालिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताटली उचल, पद्मजा. मालिनीबाई, तुम्ही बसा जेवायला."

"मी? मी बसेन मागाहून. अजून ओटा आवरायचाय."

"मागाहून कधी?"

"आई तीनच्या पुढेच जेवतात," पद्मजा म्हणाली. "बाबा गेल्यापासून तेच चाललंय. मी सांगून थकले."

"आज आत्ता बसा. माझ्यासाठी."

मालिनीबाई कुरकुरत बसल्या. "मुकं जनावर उपाशी, आणि मी समोर बसून जेवू?" त्यांनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, भिंगरीसुद्धा. शशिकांत म्हणाला, "आई, लवकर आटप. मला तर परीक्षेचा निकाल लागतोय असं वाटतंय."

मालिनीबाईंनी शेवटचा घास घेतला, हात धुतले, पदराला पुसले. कुंदाताईंनी मानेने खूण केली. मालिनीबाईंनी तीच ताटली उचलून खाली ठेवली.

भिंगरी उठली आणि ताटलीत तोंड घातलं. मान वर केलीच नाही. ताटली चाटता चाटता घसरत मोरीपर्यंत गेली, तिच्यामागोमाग भिंगरीही गेली. शशिकांतने टाळी वाजवली आणि पद्मजेने त्याचा हात धरला. मालिनीबाई भिंतीला टेकून बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी बदलापूरला हरिचंद्र भेटला. कुंदाताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो आधी ऐकत राहिला, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"शिकारीचा वाटा असतो, ताय. रानात वाटे मांडले, की पयला गावदेवीचा. मग ज्याचा भाला लागला त्याचा, मग हाकाऱ्यांचा. सगल्या मानसांना पोचला, की मंग कुत्र्याचा. पन वाटा म्हंजे वाटा, तो कुनी मारायचा नाय. आदी तोंड घालेल ती कुत्री शिकारीला नेत नाय. घरी पन तशाच जेवतात."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगाचा?" हरिचंद्र खरोखरच गोंधळला होता. "मना वाटला, सगली कुत्री तशीच जेवतात. तुमच्या शेरात काय, कुत्रा आदी जेवतो?"

कुंदाताईंना हसू आवरेना. त्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला, आणि तो कुत्रं घेणाऱ्याला नव्हता, देणाऱ्याला होता: याला जेवायला कसं लागतं, ते सांगा.

भिंगरीची मांडवपरतणी त्यांनी होळी उलटल्यावर केली. मुद्दाम एकच्या सुमाराला गेल्या. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत तीन पाट मांडलेले, आणि तिसऱ्या पाटावर मालिनीबाई सगळ्यांच्या बरोबरीने बसलेल्या. उंबऱ्याबाहेर भिंगरी. अंगाने भरली होती, फाटका कान तेवढा तसाच.

"या, या, बसा," मालिनीबाई म्हणाल्या आणि बसल्या जागेवरून आणखी एक ताट पुढे सरकवलं. "आणि गप्पा नंतर मारू. भराभर जेवा. तिला थांबवून ठेवायला बरं नाही वाटत."

कुंदाताई जेवायला बसल्या. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं, एक माणूस वाढलं हे ओळखून पुन्हा पुढचे पाय नीट ठेवले.

निघताना पद्मजा त्यांना दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आली.

"कुंदाताई, मी रागात बोलले होते फोनवर. पण आता तिला परत न्यायचं नाव काढू नका हं," ती हळूच म्हणाली. "तिला नेलंत, तर आई पुन्हा तीन वाजता जेवतील."