सुनीतीताईंचा खालचा थर

सुनीतीताई साजगावच्या एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळत. मूळच्या दहिवलीच्या, घरात सगळे मास्तर, या एकट्याच कारखान्यात आलेल्या. मी पळसदरीच्या शेतकऱ्याचा पोरगा, नुकताच त्यांच्या हाताखाली लागलो होतो. ते दिवस आठवले की अजून भिंतीपलीकडचा लेथ यंत्रांचा घरघराट कानात येतो.

तेव्हा यंत्रभागांच्या ड्रॉइंगांचा फार घोळ असे. एकाच भागाची तीनचार ड्रॉइंग, आणि प्रत्येकाच्या नावापुढे ‘फायनल’. एकदा जुन्याच ड्रॉइंगवरून माल कापला गेला. फोरमन सखा वर आला. ओरडला नाही, एवढंच म्हणाला, “यातलं खरं कुठलं, ते तुमाला तरी ठावं हाय का?”

ते ताईंना लागलं. प्रत्येक बदल जपून ठेवणारा प्रोग्राम आपणच लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. तशी साधनं होती, पण ती प्रोग्रामरांसाठी. सखाला ती वापरता आली नसती.

मी हौसेनं सगळं एकातच लिहायला घेतलं. ताईंनी थांबवलं. आवृत्त्या जपायच्या, कुठली कशातून आली हे लक्षात ठेवायचं, दोहोंतला फरक काढायचा, एवढा भाग त्यांनी तळाशी वेगळा ठेवायला लावला. ड्रॉइंग दाखवण्याचं काम वरच्या भागाचं. दुप्पट काम कशाला, म्हणून मी कुरकुरलो.

“खालच्या थराला ड्रॉइंग म्हणजे काय ते कळताच कामा नये,” त्या म्हणाल्या. “त्याला फक्त बदल कळू दे. मग तो कुठंही चालेल.”

पुढं तो विभागच बंद झाला. मालकाची परवानगी घेऊन ताईंनी तेवढा खालचा थर सगळ्यांसाठी खुला केला, कुणीही फुकट घेऊन वापरावा असा, आणि आजारी वडिलांसाठी घरी बसल्या. मी दुसरीकडे लागलो, पण तो थर सोबत नेला. त्यावर आधी भाषांतरकारांसाठी एक साधन उभं केलं, मग घरांचे नकाशे काढणाऱ्यांसाठी दुसरं. माधवी नावाच्या एका बाईंनी तोच घेऊन गावोगावची गाणी जमवणाऱ्यांसाठी तिसरं केलं. आमची ओळखही नव्हती.

ताईंनंतर त्या थराची देखभाल मीच करत होतो, म्हणून गेल्या वर्षी माधवीताईंची तक्रार माझ्याकडे आली. ‘पायऱ्या’ नावाचं एक गाणं यादीत दोनदा दिसत होतं. गाणी जमवणाऱ्यांपैकी एकीनं घातलेलं कडवं दुसरीला सापडत नव्हतं. मी शोधलं. एका संगणकावर ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून साठत होतं, दुसऱ्यावर ‘र’ आणि खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन तुकडे. डोळ्यांना दोन्ही सारखंच. आमच्या थराला मात्र ती दोन वेगळी नावं. माझ्या दोन्ही साधनांतही हाच दोष निघाला.

प्रत्येकात वरून ठिगळ लावता आलं असतं, पण दोष तळाचा, तो तळातच काढायला हवा होता. मात्र मुळात हात घातला तर आधीचं साठवलेलं उघडेनासं होईल, ही धास्ती होती. मी दहिवलीला गेलो.

ताईंचे केस पांढरे झाले होते. सगळं ऐकून त्या हसल्या. “कारखान्यात नावं सगळी इंग्रजीत होती रे. मराठी नाव आपण कधी घालूनच पाहिलं नाही.”

दुपारभर आम्ही बसलो. नाव जसं आलं तसंच साठवायचं, ताडून बघताना मात्र दोन्ही रूपं एक धरायची, असं ठरलं. मी लिहीत होतो, त्या वाचत होत्या. एकदा मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच चार ओळी लिहिल्या. बोटं मंदावली होती, पण चूक नव्हती. जुन्या आवृत्त्या एकेक करून उघडून पाहिल्या. सगळ्या उघडल्या.

दुरुस्ती तळाशी झाली, म्हणून तिन्ही साधनांना नवा थर नुसता घ्यावा लागला. संध्याकाळी मी अजून दहिवलीतच होतो, तेव्हा माधवीताईंचा फोन आला: कडवं सापडलं. सुनीतीताईंनी फोन मागून घेतला आणि ते म्हणून दाखवायला सांगितलं. ऐकताना त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“विभाग बंद झाला, तेव्हा वाटलं होतं की सगळंच गेलं,” त्या मला हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा फोनमध्ये विचारू लागल्या, आणखी कुठली गाणी आहेत म्हणून.